३ रात्रींचं सायलेंट रिट्रीट, नगर रोडच्या आत : एका नर्सचा रिव्ह्यू

आधीच सांगते, जागेचं नाव लिहीत नाहीये. गिझरबद्दल आणि डासांबद्दल मला बोलायचंय आणि तिथल्या सिस्टर इतक्या प्रेमळ आहेत की नाव घेऊन तक्रार करायला जीभ उचलत नाही. पुण्यातल्या कॅथलिक लोकांना एवढ्यावरून कळेल, बाकीच्यांनी ओळखीच्या कुठल्याही फादरना विचारा, ते सांगतील.

मी कॅथलिक नाही. आम्ही प्रॉटेस्टंट, मूळचे नगरकडचे, आता चंदननगरला. आमच्याकडे उपासनेत २ मिनिटं शांतता झाली तर लोकांना वाटतं पाळकसाहेब पुढचं विसरले, मग कोणीतरी खोकतं आणि कोणीतरी भजन सुरू करतं. त्यामुळे ३ दिवस गप्प बसायचे पैसे भरून जायचं हे घरी सांगितल्यावर नवरा म्हणाला, तू? आणि गप्प? ३ दिवस? मी देतो पैसे. (पैसे मीच भरले. अडीच हजार, राहणं जेवण सगळं धरून, आणि कोणाला परवडत नसेल तर जमेल तेवढे द्या म्हणतात.)

का गेले, ते सांगते. मी १४ वर्षं नर्सिंगमध्ये आहे, त्यातली शेवटची ९ आयसीयूत. कोविडनंतर काहीतरी आतून बंद पडलं होतं, म्हणजे कामात चूक नाही, हात चालतात, पण घरी आल्यावर गाडी स्टँडला लावून तशीच बसून राहायचे पार्किंगमध्ये, वर जावंसं वाटायचं नाही. हॉस्पिटलचं नाव नको, पण माणसं कमी, डबल ड्युटी, आणि एनएबीएचचं (हॉस्पिटलांना दर्जाचा शिक्का देणारी संस्था) ऑडिट आलं की पेशंटपेक्षा फाईल महत्त्वाची. आणि नर्स म्हटलं की आजकाल सगळ्यांकडे तिच्यासाठी एकच रस्ता तयार असतो, परदेश. अगं जर्मनी, अगं यूके, तुझी ती मैत्रीण गेली ना, महिन्याला एवढे कमावते. मी पण जर्मनचा क्लास लावला होता, बी-टू लेव्हल लागते म्हणून, आणि डेर-डी-दास या जर्मन लिंगांमध्ये अडकून ए-टूलाच बसले होते. त्यात आमच्या प्रार्थना गटातल्या एका मावशींनी डोळे मिटून माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, बाळा, प्रभूने मला तुझ्यासाठी विमान दाखवलंय. आता विमान म्हटल्यावर पुढे काय बोलणार. घरात सगळ्यांनी धरून चाललं की देवाची इच्छा जर्मनी आहे, फक्त मलाच काही कळत नव्हतं.

त्याआधी बाणेरला एका हॉलमध्ये 'जीवनाचा उद्देश शोधा' टाईपचं एक दिवसाचं वर्कशॉप पण करून झालं होतं. ५ हजार घेतले, मासिकातली चित्रं कापून पुठ्ठ्यावर चिकटवायला लावली, दुपारी पनीर होतं. तो पुठ्ठा अजून कपाटाच्या वर आहे. एवढंच सांगते त्याबद्दल.

तर रिट्रीट. माझ्याबरोबर काम करणारी एक मुलगी, ती वसईची कॅथलिक, तिने सांगितलं ताई एकदा जाऊन या, तिथे कोणी तुम्हाला काही करायला लावत नाही. गुरुवारी संध्याकाळी पोचायचं, रविवारी जेवून निघायचं. गेल्या गेल्या मोबाईल एका बिस्किटाच्या डब्यात ठेवून घेतात, वर चिठ्ठी लावून. घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर ऑफिसचा लँडलाईन नंबर देऊन यायचा. मग खोली. एकटीला एक खोली, लोखंडी पलंग, टेबल, क्रूस, खिडकीत कडुलिंब. स्वच्छ एकदम, हॉस्पिटलवाल्या बाईचं सर्टिफिकेट आहे हे. पण खिडकीची जाळी एका कोपऱ्यात फाटलेली होती आणि पहिल्या रात्री मी डास मारण्यातच मौन मोडलं, तोंडातून जे निघालं ते क्रुसाखाली निघायला नको होतं. गिझर सकाळी ५ ते ६ एवढाच, ६ वाजून ५ मिनिटांनी गेलात तर गार. डिसेंबर होता हो.

आणि एक गंमत, मला हॉस्पिटलमध्ये दिवसभर सिस्टर सिस्टर म्हणतात, इथल्या सिस्टर मला सिस्टर म्हणणार, मी त्यांना सिस्टर म्हणणार, जिन्यात दोघी एकमेकींना वाट देत सिस्टर-सिस्टर करत उभ्या. मौनात हसू दाबणं काय असतं ते तिथे कळलं.

जेवण साधं आणि ताजं. भाकरी, पालेभाजी, आमटी, शुक्रवारी मासे. जेवताना पण बोलायचं नाही, बारीक आवाजात बासरी लावतात. पहिल्या जेवणाला इतकं अवघड वाटतं की सगळे आपापल्या ताटात बघून जेवतात, दुसऱ्या दिवसापासून लक्षात येतं की आपण भाकरी चावतोय, हे कित्येक वर्षांत जाणवलंच नव्हतं, मी तर ७ मिनिटांत डबा संपवणारी. चहाबद्दल वेगळं लिहायला पाहिजे. पुणेकरांना पंचहौदच्या चहाची गोष्ट माहीत असेल, १८९० साली मिशनच्या आवारात मोठमोठ्या मंडळींना चहा दिला त्यावरून गावात केवढं ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकायचं प्रकरण, झालं आणि शेवटी न्यायमूर्ती रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. तर इथला ४ वाजताचा आल्याचा चहा असा आहे की त्याच्यासाठी मी पण प्रायश्चित्त घेईन, दोन वेळा घेईन.

दिवसाचं कसं असतं, तर सकाळी ७ ला मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना. फादरनी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन नीट सांगितलं की तुम्हाला कम्युनियन, म्हणजे प्रभुभोजनाची भाकर, घेता येणार नाही, पण आशीर्वादाला जरूर पुढे या, हात छातीवर दुमडून. मला थोडं लागलं, खोटं कशाला बोलू, एकाच प्रभूचं टेबल आणि मी बाजूला. पण लपवाछपवी नव्हती, हे आवडलं. मग नाश्ता, मग साडेनऊला 'पॉइंट्स', म्हणजे फादर २० मिनिटं एका वचनावर बोलतात आणि मग तास-तासभर तुम्ही ते घेऊन बसायचं, चॅपलमध्ये, झाडाखाली, खोलीत, कुठेही. असं दिवसातून ४ वेळा. दुपारी प्रत्येकाला अर्धा तास फादरकडे एकट्याने बोलायला वेळ. रात्री 'एक्झामेन', त्यावर येते.

आता शांततेचं बोलू, कारण पैसे त्याचेच आहेत. शांतता नाहीये! लोहगावचा विमानतळ जवळ, एअर फोर्सची सुखोई उठली की चॅपलच्या काचा थरथरतात, आणि मधूनमधून प्रवासी विमानं आहेतच. पहिल्या दिवशी मी डोळे मिटून बसले, देवा मला दिशा दाखव म्हटलं, आणि डोक्यावरून धडधडत विमान. मला त्या मावशी आठवल्या. दुसरं विमान, परत मावशी. तासाभरात ५ वेळा विमान झालं. म्हटलं बाई एवढं स्पष्ट उत्तर कोणालाच मिळालं नसेल, चला बॅग भरा.

दुपारी फादरना हे सगळं सांगितलं, विमानं, मावशी, जर्मन, फोनमध्ये ड्राफ्टला पडून असलेला राजीनामा. फादर वसईकडचे, साठीच्या पुढचे, बोलण्यात तिकडचा हेल. ते हसले पण माझ्यावर नाही हसले. मग म्हणाले, तुम्ही झोपता किती? मी म्हटलं ५ तास, तुटक. म्हणाले, मग आजचे दोन तास प्रार्थनेचे सोडा आणि झोपा. मला वाटलं टाळतायत. तर म्हणाले बायबलमधला १ राजे, अध्याय १९ वाचा आणि झोपा.

घरी वाचलेलंच होतं, संडे स्कूलपासून माहीत, एलीया संदेष्टा, वारा, भूकंप, अग्नी आणि मग तो मंद आवाज. पण सुरुवात कधी लक्ष देऊन वाचली नव्हती. एलीया ईजबेल राणीला घाबरून रानात पळालाय, एका झुडपाखाली बसलाय आणि म्हणतोय पुरे झालं आता प्रभू, माझा जीव घे. आणि देव काय करतो? उपदेश नाही, दर्शन नाही. एलीया झोपतो, दूत येऊन त्याला उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं समोर ठेवतो, खा म्हणतो. तो खातो आणि परत झोपतो. परत उठवतो, परत खायला. म्हणजे आधी इन्टेक, आधी झोप, मग बाकीचं बोलू. १४ वर्षं मी पेशंटच्या नातेवाईकांना हेच सांगते, काकू आधी तुम्ही दोन घास खा मग डॉक्टरांशी बोलू, आणि स्वतःला कोणी सांगितलं तर टाळतायत वाटलं. झोपले. ३ तास गाढ. उठले तेव्हा उशीवर लाळ होती आणि चहाची वेळ गेली होती, सिस्टरनी दाराबाहेर झाकून ठेवला होता.

पुढचं वाचताना मात्र राग आला. होरेब डोंगरावर देव एलीयाला दोनदा विचारतो तू इथे काय करतोयस, आणि एलीया दोन्ही वेळा तेच गाऱ्हाणं सांगतो, मीच एकटा उरलोय. (आमच्या वॉर्डातलं माझं आवडतं वाक्य. रोस्टर लागलं की मी हेच म्हणते.) आणि देव म्हणतो, आलास त्या वाटेने परत जा. परत? एवढा ४० दिवस चालत आलाय तो बिचारा. मी बायबल बंद करून बाहेर जाऊन कडुलिंबाखाली बसले, म्हटलं हे असं उत्तर मला नकोय.

शनिवारी पॉइंट्समध्ये फादरनी संत इग्नेशियसची गोष्ट सांगितली, ही पद्धत त्यांचीच, येशू संघ काढला ते. प्रॉटेस्टंटांना फार माहीत नसते म्हणून लिहिते. स्पेनमधला सरदार माणूस, १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेचा गोळा पायाला लागला. घरच्या गढीत आणून हाड बसवलं ते वाकडं बसलं, परत मोडून बसवलं, तरी गुडघ्याखाली हाडाचा उंचवटा राहिला. आणि या बाबाला घट्ट बूट घालून मिरवायचं होतं म्हणून त्याने तो उंचवटा करवतीने कापून घेतला, मग पाय लांब व्हावा म्हणून वजनं लावून ताणून ठेवला. भूल द्यायला ईथर आलं १८४६ ला, म्हणजे हे सगळं शुद्धीत! बाकीचे लोक भक्तिभावाने ऐकत होते आणि मी मनातल्या मनात मॅलयुनियन, री-फ्रॅक्चर, ट्रॅक्शन असं चार्टिंग करत होते.

पण मुद्दा पुढे आहे. पडल्या पडल्या त्याने वाचायला शूरवीरांच्या प्रेमकथा मागितल्या, त्या घरात नव्हत्या, ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांची चरित्रं तेवढी होती. तो कधी दरबार, राजघराण्यातली एक बाई, पराक्रम याची स्वप्नं बघायचा, कधी संतांसारखं आपण पण करावं असं मनात आणायचा. दोन्हीत मजा यायची. पण त्याच्या हळूहळू लक्षात आलं की पहिल्या स्वप्नातून बाहेर आलं की मन कोरडं पडतं आणि दुसऱ्यातून बाहेर आलं तरी आनंद मागे राहतो. खाताना दोन्ही गोड, नंतर तोंडात काय चव उरते ते बघायचं. फादर म्हणाले देव तुमच्याशी कशातून बोलतो हे शोधायचं तर ती उरलेली चव तपासा.

आणि हीच ती एक्झामेन. रात्री १५ मिनिटं. आधी आजच्या दिवसाबद्दल आभार, मग प्रभूला म्हणायचं तूच दिवा धर मी बघते, आणि सकाळपासून दिवस परत चालून यायचा, कुठे जिवंत वाटलं, कुठे आत काहीतरी विझलं, जिथे चुकलं तिथे माफी, आणि उद्याचं त्याच्या हातात. बास. एवढं सोपं की मला फसवल्यासारखं वाटलं.

शनिवारी रात्री मी एका दिवसाऐवजी गेलं पूर्ण वर्ष घेतलं. कोरडं कुठे, ती यादी लांबलचक आली, फाईल, ऑडिट, सुट्टीसाठी केलेली भांडणं, आणि हो, जर्मन क्लास. जर्मनीत घर, बर्फ, मुलाची शाळा असं मनात आणलं की १० मिनिटं छान वाटायचं आणि नंतर एकदम रिकामं. जिवंत कुठे वाटलं यावर बराच वेळ काहीच येईना. मग एकदम एक अगदी फालतू गोष्ट आली. जुलैमधली नाईट. आमच्याकडे नवीन लागलेली मुलगी, लातूरकडची, २२ वर्षांची, एका ८० वर्षांच्या आजोबांना व्हेनफ्लॉन (सलाईनसाठी शिरेत घालायची सुई) लावताना तिचे हात थरथरत होते, दोनदा पंक्चर फुकट गेलं, आजोबांची शीर म्हणजे कागदाखालचा दोरा, धरायला गेलं की सरकते. मी तिच्या हातातून सुई घेतली नाही. मागे उभी राहून तिच्या अंगठ्यावर अंगठा ठेवला, म्हटलं कातडी खालच्या बाजूला ताण, घाई नको, कमी कोनातून जा, आणि रक्त दिसलं की थांब. दिसलं. तिने माझ्याकडे बघितलं ना, ते तोंड मला रिट्रीटच्या त्या खोलीत जसंच्या तसं दिसलं आणि मी रडायला लागले. दुःखाचं नाही. त्या वर्षात अशा ६-७ गोष्टी सापडल्या आणि सगळ्यांमध्ये कोणीतरी नवीन मुलगी होती, शिकत असलेली.

मग एलीया परत काढला. 'परत जा' च्या पुढे देव त्याला कामं देतो, हजाएलला अभिषेक कर, येहूला कर, आणि तुझ्या जागी अलीशाला तयार कर. आणि हे पण सांगतो की तू एकटा नाहीस, अजून ७ हजार शिल्लक आहेत. हा भाग मी रागात वाचलाच नव्हता.

रविवारी सकाळी फादरना म्हटलं मग राजीनामा पाठवू का, टीचिंगला कुठेतरी बघते. ते म्हणाले, आता लगेच काहीच करू नका. इग्नेशियसचा नियम आहे की मन अंधारात असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. दिवे गेले की घरातलं सामान हलवायला जाऊ नये, पायावर पडतं. आधी झोप, रोज रात्री १५ मिनिटं, ३ महिने, मग बोलू. मी जरा नाराजच झाले. दिशा घ्यायला आले होते आणि हातात गृहपाठ दिला.

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांची आजी पंडिता रमाबाईंनी काढलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली, त्यामुळे रमाबाई म्हणजे आमच्याकडे घरचंच माणूस. त्या म्हणाल्या, अगं रमाबाईंनी १८८३ ला बाप्तिस्मा घेतला, आणि स्वतःच लिहून ठेवलंय की ख्रिस्ती धर्म मिळाला पण खुद्द ख्रिस्त सापडायला पुढे ८ वर्षं गेली. नवरा गेलेला, लेकरू लहान, विधवांसाठी काढलेलं शारदा सदन मुंबईहून पुण्याला आणलं, लोकांची बोलणी खाल्ली, त्या सगळ्यात ८ वर्षं. केडगाव तर त्याच्याही नंतर, दुष्काळातल्या मुली आणल्या तेव्हा. तुला ३ दिवसांत पाहिजे का? गुलटेकडीचा बाजार आहे का तो?

तर आता ७ महिने झाले. खरं काय झालं ते सांगते, कारण रिव्ह्यूमध्ये फक्त रडण्याचं लिहिलं तर अर्थ नाही. जर्मन क्लास बंद केला, अर्धी फी बुडाली. एक्झामेन महिन्यातून १८-२० दिवस होते, घरी नाही जमत, ड्युटी सुटल्यावर पार्किंगमध्ये गाडीवर बसूनच करते, म्हणजे जागा तीच जिथे आधी नुसती बसायचे. साडेतीन महिन्यांनी मेट्रनना जाऊन विचारलं की नवीन मुलींचं ट्रेनिंग मला द्या. त्या म्हणाल्या पगार वाढणार नाही. आठवड्यातून दोन दिवस मिळाले, बाकी ४ दिवस तेच आयसीयू, तीच फाईल, नाईट पण चालूच. एमएस्सी नर्सिंगचं बघतेय, वयामुळे धाकधूक आहे. काही रात्री अजूनही कोरड्या जातात, सलग आठवडा पण जातो. फोनमधला ड्राफ्ट मी डिलीट केलेला नाही. मावशी विचारतात पासपोर्ट आला का, मी म्हणते मावशी प्रार्थना चालू ठेवा.

रेटिंग म्हणाल तर ५ पैकी ४. कोणी जाऊ नये हे पण सांगते, ज्यांना डिप्रेशनची औषधं चालू आहेत त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, एवढं मौन सगळ्यांना सोसत नाही, आमच्या बॅचमधला एक मुलगा दुसऱ्याच दिवशी घरी गेला आणि फादरनी त्याला अजिबात अडवलं नाही, उलट गाडीपर्यंत सोडायला गेले. ज्यांना स्टेजवरून नाव घेऊन कोणी भविष्य सांगावं असं वाटतं त्यांना इथे बोअर होईल. गाणं-वाजवणं नाही. बाकी कुठल्याही चर्चचे या, आमच्या बॅचमध्ये केरळच्या मारथोमा चर्चचे २ जण पण होते.

बुकिंग फोनवर होतं, दोन महिने आधी करा, लेंटमध्ये (ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ) तर जागाच नसते. वाघोलीच्या बसने येऊन पुढे रिक्षा करा, रिक्षावाल्याला लँडमार्क फोन करून विचारून घ्या, मॅप मागच्या बंद गेटवर नेतो. ओडोमॉस, जाड शाल, स्वतःचं बायबल आणि एक साधी वही घेऊन जा. खोली देताना कडुलिंबाच्या बाजूची मागा, तिथे विमानं जरा कमी ऐकू येतात.